मधुमक्याच्या बियाण्याची काढणी व वाळवण : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

ज्वारीचा हुरडा ज्याने खाल्ला आहे त्याला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. ज्या दिवशी दाणा खाण्यास सर्वांत गोड असतो, त्या दिवशी तो पेरण्यायोग्य झालेला नसतो. हुरड्याचे कणीस निराळे आणि बियाण्यासाठी राखलेले कणीस निराळे, हा भेद शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. ज्वारीच्या बाबतीत मात्र हुरडा हा हंगामातील थोड्या दिवसांचा सोहळा असतो; उरलेले पीक पक्व होऊन खळ्यावर येते आणि त्यातूनच पुढील वर्षाचे बी मिळते. मधुमक्याचे, म्हणजे बाजारात ‘स्वीट कॉर्न’ या नावाने रूढ झालेल्या मक्याचे, तसे नाही. येथे सारे पीकच दुधाळ अवस्थेत तोडले जाते. साहजिकच बियाणे कोणी, कोठे आणि कोणत्या दिवशी काढावयाचे हा एक स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा अमेरिकेतील इतिहास तपासला आहे. दाणा जसजसा गोड होत गेला तसतसे काढणीचा दिवस व वाळवणीची रीत यांचे महत्त्व वाढत गेले, आणि अखेरीस त्यांनीच बियाणे उत्पादनाचा प्रदेश व बियाण्याचा मालक बदलला, असे या इतिहासातून दिसते.

दाण्यातील साखर आणि बियाण्याची दुर्बलता

साध्या मक्याच्या दाण्यात येणाऱ्या साखरेचे स्टार्चमध्ये रूपांतर होत जाते. मधुमक्यात हे रूपांतर एका जनुकीय दोषामुळे अपुरे राहते. जुन्या मधुमक्यात चौथ्या गुणसूत्रावरील ‘शुगरी-१’ या जनुकाचा दोष असतो. त्यामुळे स्टार्चऐवजी पाण्यात विरघळणारे फायटोग्लायकोजेन साठते, आणि वाळलेला दाणा काचेसारखा पारदर्शक व सुरकुतलेला दिसतो. अलीकडील ‘अतिगोड’ वाणांत तिसऱ्या गुणसूत्रावरील ‘श्रंकन-२’ हे जनुक सदोष असते. तेथे स्टार्च बनविण्याची वाट आरंभीच अडते आणि दाण्यात सुक्रोज साचून राहते. जिभेला जे सुख वाटते ते अंकुराच्या दृष्टीने दारिद्र्य ठरते. भ्रूणाला पहिले काही दिवस पुरावयाची शिदोरीच तुटपुंजी असते. श्रंकन-२ चा वाळलेला दाणा वजनाने साध्या मक्याच्या सुमारे निम्माच भरतो. त्याचे कवच पातळ असते आणि कवच व आतील भाग यांमध्ये पोकळी राहते. असे बी ओल्या थंड जमिनीत पडले की त्यातून साखर बाहेर झिरपते व तिच्यावर बुरशी पोसली जाते. म्हणून साध्या मक्यात काढणीची जी चूक खपून जाते ती येथे खपत नाही.

हिदात्सांची कणसे

मिसुरी नदीच्या वरच्या खोऱ्यातील हिदात्सा समाजाच्या शेतीची सविस्तर नोंद गिल्बर्ट विल्सन याने १९१७ मध्ये प्रसिद्ध केली. ही नोंद ज्या वृद्ध स्त्रीच्या सांगण्यावरून झाली ती बफेलो बर्ड वुमन या नावाने ओळखली जाते. हिदात्सा स्त्रिया मक्याचे अनेक प्रकार वेगवेगळे राखत. त्यांत एक ‘चिकट’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार होता. तो मधुमक्याच्या जातीचा समजला जातो. विशेष म्हणजे हा मका त्या मुख्यतः पक्व व वाळलेल्या रूपातच वापरीत. तो भाजून, कुटून, चरबीत मळून त्याचे लाडू वळले जात. म्हणजे येथे ताटाची काढणी आणि बियाण्याची काढणी एकाच वेळी होत होती. दोहोंत तंटा नव्हता.

बियाण्यासाठी उत्तम भरलेली कणसे निवडून, त्यांची पाने एकमेकांत गुंफून वेण्या घातल्या जात व त्या उंच मांडवावर वाऱ्याला टांगल्या जात. आपल्याकडे आढ्याला टांगलेली मक्याची कणसे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. पेरणीच्या वेळी कणसाच्या दोन्ही टोकांचे दाणे वगळून मधलेच दाणे घेतले जात. बी दुसऱ्या वर्षापर्यंत चांगले राहते, तिसऱ्या वर्षी कमी उगवते व चौथ्या वर्षी निरुपयोगी होते, हे त्या स्त्रियांना अनुभवाने ठाऊक होते. म्हणून दोन वर्षे पुरेल इतके बी राखण्याची त्या घराण्याची चाल होती. उगवणक्षमता हा शब्द नसला तरी तिचे गणित होते. हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेच्या आधीचे आहे, आणि ते स्त्रियांचे आहे, याची नोंद कृषिइतिहासाने पुरेशी घेतलेली नाही.

दोन काढण्यांची फारकत

गौरवर्णीय वसाहतकऱ्यांच्या हाती मधुमका कसा आला याविषयी १७७९ च्या सलिवन मोहिमेची कथा सांगितली जाते. इरोक्वॉय वस्त्यांवर चालून गेलेल्या सैन्यातील एका अधिकाऱ्याने ‘पापून’ नावाचा मका न्यू इंग्लंडमध्ये आणला, अशी ती कथा आहे. तिचा लेखी पुरावा बराच नंतरचा असल्याने ती जपूनच घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मात्र ‘डार्लिंग्ज अर्ली’, ‘स्टोवेल्स एव्हरग्रीन’ यांसारखे वाण बागांतून स्थिरावले होते. या मंडळींनी मका हिरवा, दुधाळ असतानाच उकडून खाण्याची रीत धरली, आणि येथेच दोन काढण्यांची फारकत झाली. त्याच सुमारास मेन प्रांतात आयझॅक विन्स्लो याने मका डबाबंद करण्याचे प्रयोग केले. त्याला १८६२ मध्ये एकस्व मिळाले. डबाबंदीच्या कारखान्याला एका शेतातील सारी कणसे एकाच दिवशी दुधाळ हवी असतात. बियाणे उत्पादकाला मात्र तेच पीक आणखी कित्येक आठवडे शेतात उभे ठेवावे लागते.

हे कित्येक आठवडेच घातक ठरत. न्यू इंग्लंडमध्ये शरदात पाऊस, धुके आणि लवकर पडणारे हिम यांची गाठ असते. ओला दाणा गोठला की भ्रूण मरतो. बाहेरून मात्र दाणा धडधाकट दिसतो. १९१७ च्या शरदातील हिमामुळे पुढील वसंतात अमेरिकेच्या मकापट्ट्यात चांगल्या बियाण्याची भीषण टंचाई झाली. त्यानंतर १९२० मध्ये नेब्रास्का प्रयोगक्षेत्राच्या कीसेलबाख व रॅटक्लिफ यांनी बियाण्याच्या मक्याला गोठण्याने होणाऱ्या इजेचा अभ्यास प्रसिद्ध केला. दाण्यात ओलावा जितका अधिक तितकी इजा मोठी, हे सूत्र त्यातून पक्के झाले. साखरयुक्त दाणा ओलावा हळूहळू सोडतो. तेव्हा मधुमक्याला हा धोका अधिक काळ राहतो.

आयडाहोकडे स्थलांतर

हिमाच्या जोडीला रोगही आला. १८९७ मध्ये एफ. सी. स्ट्युअर्ट याने लाँग आयलंडवरील मधुमक्यावर जिवाणूजन्य मर रोगाचे वर्णन केले. सौम्य हिवाळ्यानंतर हा रोग बळावतो, कारण तो पसरविणारे भुंगेरे हिवाळ्यात तगून राहतात. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्याने पूर्वेकडील व मध्य पश्चिमेकडील मधुमक्याची मोठी हानी केली. १९०२ मध्ये बर्पी कंपनीने बाजारात आणलेला व घरोघरी लोकप्रिय झालेला ‘गोल्डन बँटम’ त्याला सहज बळी पडे. त्याच्या जागी पर्ड्यू येथे ग्लेन स्मिथ यांनी तयार केलेला ‘गोल्डन क्रॉस बँटम’ हा संकर आला, आणि मधुमक्यात संकरित बियाण्याचे युग सुरू झाले. शेतकऱ्याने आपले बी आपण राखण्याची प्रथा येथे पहिल्यांदा तुटली. आढ्यावर टांगलेल्या संकराच्या कणसातून तोच संकर पुन्हा मिळत नाही.

संकरित बी मोठ्या प्रमाणावर कोठे तयार करावे, या प्रश्नाचे उत्तर हवामानाने दिले. पश्चिमेकडील आयडाहो प्रांतातील स्नेक नदीच्या खोऱ्यात उन्हाळा व शरद कोरडे असतात, पाणी कालव्यातून हवे तेव्हा देता येते, हवे तेव्हा बंदही करता येते. रोग पसरविणाऱ्या भुंगेऱ्यांचा त्रास तेथे नव्हता. कॉल्डवेल, नँपा, ट्विन फॉल्स या गावांभोवती बियाणे कंपन्यांची शेते व वाळवणगृहे उभी राहिली, आणि अमेरिकेतील मधुमक्याच्या बियाण्याचा मोठा भाग तेथूनच येऊ लागला. कनेक्टिकटमधील जुन्या बियाणे घराण्यांसाठी हा धक्का होता. १९२७ मध्ये अशा काही जुन्या संस्था एकत्र येऊन ‘अ‍ॅसग्रो’ ही कंपनी बनली होती. ज्या प्रदेशाने मधुमका लोकप्रिय केला, त्याच प्रदेशात त्याचे बी वाळत नव्हते, असे म्हणावयास हरकत नाही.

लॉफनन यांचे सुरकुतलेले दाणे

श्रंकन-२ या जनुकाचे वर्णन ई. बी. मेन्स यांनी १९४९ मध्ये केले होते. इलिनॉय विद्यापीठातील जॉन लॉफनन यांना साखरेत मुळीच रस नव्हता. ते त्याच गुणसूत्रावरील, रंगाशी संबंधित असलेल्या शेजारच्या जनुकाचा अभ्यास करीत होते. श्रंकन-२ हे त्यांच्या दृष्टीने केवळ एक खूण होते. मात्र हे सुरकुतलेले दाणे विलक्षण गोड असल्याचे त्यांच्या ध्यानात आले आणि १९५३ मध्ये त्यांनी त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. बियाणे व्यवसायाने आरंभी या शोधाकडे पाठ फिरविली. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. इतके हलके, पोकळ, नीट न उगवणारे बी विकावयाचे कोणाला? १९६१ मध्ये ‘इलिनी एक्स्ट्रा स्वीट’ हा संकर बाजारात आला तरी दुर्बल उगवणीची तक्रार पुढील कित्येक वर्षे राहिली.

या तक्रारीने काढणीच्या दिवसाचा प्रश्न नव्याने उभा केला. साध्या मक्यात उत्तर सोपे झाले होते. १९६९ मध्ये डेनार्ड व डंकन यांनी दाखविले की दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसू लागला म्हणजे दाण्याचे शुष्क वजन पूर्ण झाले. साध्या मक्यात त्या वेळी आर्द्रता साधारणतः ३० ते ३५ टक्के असते. मधुमक्यात, विशेषतः श्रंकन-२ मध्ये, दाणा तेव्हा बराच ओला असतो; म्हणून साध्या मक्याचा आर्द्रतेचा ठोकताळा येथे उसना घेता येत नाही. ओलावा ‘योग्य’ होईपर्यंत थांबावे तर फ्युजेरियमसारख्या बुरशी कणसात शिरतात व हिम पडण्याचा संभव वाढतो. थांबू नये तर अपक्व दाणा हाती येतो. तो प्रयोगशाळेत उगवेल, परंतु थंड जमिनीत तग धरणार नाही. उगवण आणि जोम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे याच पेचातून ठळक झाले. ओल्या मातीत सुमारे १० अंश सेल्सिअस तापमानाला आठवडाभर बी ठेवून मग उबेत आणण्याची जी ‘शीत चाचणी’ मक्यात रूढ आहे, ती अशा बियाण्याचे खरे रूप उघड करते. १९९१ मध्ये विल्सन व ट्रावाथा यांनी ‘फ्लोरिडा स्टेस्वीट’ या वाणाच्या पक्वतेचा व जोमाचा, तर बोरोव्स्की, फ्रिट्झ व वॉटर्स यांनी दोन श्रंकन-२ संकरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९९५ मध्ये बोरोव्स्की व फ्रिट्झ यांनी पक्वतेच्या जोडीला वाळवण्याची गतीही तपासली. काढणी आणि वाळवण हे दोन स्वतंत्र निर्णय नसून एकच निर्णय आहे, हा या मालिकेचा रोख आहे.

वाळवणगृह

बियाण्याचा मका दाणे सुटे करून नव्हे, तर कणसासकट वाळवितात. ओला दाणा मळणीत ठेचला जातो. सोललेली कणसे मोठ्या कोठ्यांत भरून त्यांतून गरम हवा सोडली जाते. तापमान सामान्यतः ३५ ते ४० अंशांच्या आसपास ठेवतात, आणि आर्द्रता १२–१३ टक्क्यांवर येण्यास तीन-चार दिवस लागतात. या कोठ्यांची एक युक्ती मनोरंजक आहे. गरम कोरडी हवा प्रथम जवळजवळ वाळलेल्या कणसांतून जाते. तेथून थोडी थंड व थोडी दमट होऊन ती नुकत्याच भरलेल्या ओल्या कणसांवर येते. इंधन वाचते हे खरे. पण ओल्या दाण्याला पहिला चटका सौम्य बसतो हा लाभ अधिक मोलाचा आहे.

हा लाभ का होतो याचा उलगडा आयोवा स्टेट विद्यापीठात बरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात केला. अधिक ओलाव्याचा दाणा एकदम ५० अंशांच्या हवेत ठेवला तर पेशीपटले फुटतात व बी भिजविल्यावर त्यातील द्रव्ये पाण्यात गळू लागतात. तोच दाणा आधी ३५ अंशांवर काही काळ हळूहळू वाळविला तर पुढचा ताप तो सोसू शकतो. दाणा शेतात संथपणे वाळताना शुष्कता सहन करण्याची जी तयारी करतो, तीच तयारी लवकर काढलेल्या दाण्याकडून वाळवणगृहात करून घ्यावी लागते. हिदात्सांच्या मांडवावर वारा हे काम विनामूल्य करीत होता.

भारतीय संदर्भ

भारतात मका सुधारणेचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९५७ मध्ये सुरू झाला, परंतु मधुमका शहरी बाजारात रुळला तो बऱ्याच काळानंतर. खरिपात घेतलेले पीक बियाण्यासाठी उभे ठेवावे तर त्याच्या पक्वतेच्या सुमारास परतीचा पाऊस गाठतो. न्यू इंग्लंडच्या हिमाची जागा येथे पावसाने घेतली आहे, एवढाच फरक. म्हणून संकरित मक्याचे बी आंध्र प्रदेश व तेलंगणात प्रामुख्याने रब्बी हंगामात तयार केले जाते. भारतीय प्रमाणीकरण मानकांनुसार मक्याच्या बियाण्यातील आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत, आणि बाष्परोधक पिशवीत भरावयाचे असल्यास ८ टक्क्यांपर्यंतच चालते. मधुमक्याचा साखरयुक्त दाणा ८ टक्क्यांवर आणणे सोपे नाही.

रब्बीची कणसे खळ्यावर येतात तेव्हा ऊन कडक झालेले असते. यंत्राची सोय नसेल तेथे ती सिमेंटच्या खळ्यावर पसरली जातात, आणि भर दुपारी त्या खळ्याचा पृष्ठभाग वाळवणगृहाची ४० अंशांची मर्यादा सहज ओलांडतो. खळ्यावर तापमापक नसतो. पहिल्या दोन दिवसांत कणसे पातळ थरात पसरणे, वारंवार परतणे आणि दुपारच्या प्रहरी सावलीत घेणे, एवढेच उपाय तेथे हाती असतात. आणि ते करणारे हात बहुधा रोजंदारीवरील स्त्रियांचे असतात.