मेंदूविकारांच्या संशोधनपत्रिका : सवलत कोणाला, गरज कोणाला?

पक्षाघाताच्या उपचारांत वेळेला असलेले महत्त्व सर्वश्रुत आहे. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे औषध झटका आल्यापासून तीन तासांच्या आत दिल्यास उपयोगी ठरते, हे 1995 मध्ये अमेरिकेतील चाचणीने दाखवून दिले. 2008 मधील युरोपीय चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांपर्यंत नेली. पुढे 2018 च्या सुमारास, निवडक रुग्णांमध्ये चोवीस तासांपर्यंतही गुठळी यंत्राद्वारे बाहेर काढता येते, असे सिद्ध झाले. हे बदल पाठ्यपुस्तकांत उतरण्यापूर्वी संशोधनपत्रिकांत प्रसिद्ध झाले. साहजिकच अशा पत्रिका कोणाच्या हाती पडतात, हा प्रश्न रुग्णाच्याही हिताचा ठरतो.

या पत्रिकांची वर्गणी मोठी असते. ग्रंथालयांसाठी दर सर्वाधिक, तर व्यक्तीसाठी तुलनेने कमी असतो. व्यावसायिक संस्थेच्या सभासदांना त्याहूनही सवलत मिळते. अनेकदा पत्रिकेची किंमत सभासद-शुल्कातच धरलेली असते. संस्था एकगठ्ठा मागणी नोंदवते आणि प्रकाशकाला खात्रीचा वाचक मिळतो, हे त्यामागचे गणित. मात्र वैयक्तिक सवलतीचा अंक ग्रंथालयात ठेवण्यास सहसा मनाई असते. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजी या संस्थेच्या सभासदांना 'न्यूरॉलॉजी' ही पत्रिका याच पद्धतीने मिळते.

भारतात न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1951 मध्ये स्थापन झाली. जेकब चंडी, बी. राममूर्ती, एस. टी. नरसिंहन आणि बलदेव सिंग हे तिचे संस्थापक. 'न्यूरॉलॉजी इंडिया' हे तिचे मुखपत्र. इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीची 'अ‍ॅनल्स' ही पत्रिका 1998 पासून निघते. ती आज इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता येते. भारतीय वैद्यकीय पत्रिका अशा रीतीने खुल्या करण्यात 1997 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या 'मेडनो' या प्रकाशनसंस्थेचा वाटा मोठा आहे. 2011 मध्ये ती वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय समूहाने विकत घेतली.

सिंधुदुर्गाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. 1981 मध्ये रत्नागिरीतून वेगळा झालेल्या या जिल्ह्यातील मेंदूविकाराच्या गंभीर रुग्णांना बऱ्याचदा गोव्यातील बांबोळी किंवा कोल्हापूर गाठावे लागते. मालवण, देवगड वा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर रुग्णाला प्रथम पाहतो तो मेंदूविकारतज्ज्ञ नव्हे, तर फॅमिली डॉक्टर किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्यकीय अधिकारी. मेंदूविकारतज्ज्ञांच्या संस्थेचा तो सभासद नसतो. त्यामुळे सवलतही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. प्रवासाचे तास हिशेबात धरून रुग्णाला त्वरित हलवण्याचा निर्णय मात्र त्यालाच घ्यावा लागतो.

केंद्र सरकारने नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर केलेल्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेने चित्र काहीसे बदलले आहे. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद असून, तीस प्रकाशकांच्या सुमारे 13,000 पत्रिका 6,300 हून अधिक शासकीय संस्थांना खुल्या करण्याचे हे नियोजन आहे. शासकीय उच्चशिक्षण संस्थांसाठी असलेल्या या योजनेच्या कक्षेत ओरोसचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय बसते. खासगी दवाखाना चालवणारा डॉक्टर मात्र तिच्या बाहेरच आहे.

त्याच्यासाठी उरतात ते विनामूल्य मार्ग. 2000 मध्ये सुरू झालेल्या 'पबमेड सेंट्रल' या संग्रहात लाखो लेख संपूर्ण वाचता येतात. अमेरिकी शासकीय निधीवर झालेल्या बऱ्याचशा वैद्यकीय संशोधनाचे लेख एक वर्षापर्यंत रोखून ठेवण्याची मुभा जुलै 2025 पासून संपली आहे. पक्षाघाताविषयीची प्रमुख मार्गदर्शक तत्त्वेही बहुधा खुली असतात. सभासदांना मिळणारी सवलत तज्ज्ञांच्या सोयीची आहेच. तथापि किनाऱ्यावरील रुग्णाचा पहिला तास ज्याच्या हाती असतो, त्या डॉक्टरला आधार आहे तो या खुल्या लेखांचाच.