कोमल काया आणि पालटता रंग

क्षणोक्षणीं मत बदलणाऱ्या माणसास सरड्याची उपमा देण्याची चाल मराठींत जुनी आहे. या उपमेंत सरड्यावर थोडा अन्यायच होतो. कारण तो रंग पालटतो तो कपटानें नव्हे. रंग पालटणाऱ्या प्राण्यांचें खरें रहस्य त्यांच्या त्वचेच्या मृदुपणांत आहे, आणि हें ध्यानीं येण्यास मनुष्यास फार काळ लागला.

समुद्रांतील ऑक्टोपस जवळच्या दगडांसारखा रंग धारण करतो, ही नोंद ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांतच करून ठेविली होती. त्यानंतर दोन सहस्रांहून अधिक वर्षें ही गोष्ट केवळ एक नवल होऊन राहिली. १८१९ सालीं नेपल्सचे प्राणिशास्त्रज्ञ सांजोव्हान्नी यांनीं ऑक्टोपस व माकूळ यांच्या वर्गांतील प्राण्यांच्या त्वचेंतील रंगपिशव्यांचें वर्णन केलें. पुढें १८३२ सालीं केप व्हर्ड बेटांच्या किनाऱ्यावर तरुण डार्विननें ऑक्टोपसचे पालटते रंग पाहिले व मोठ्या उत्साहानें आपले गुरु हेन्स्लो यांस कळविले. ही गोष्ट नवी नाहीं, असें गुरूंचें उत्तर आलें!

या रंगपिशवीची रचना मोठी कौतुकास्पद आहे. पिशवी अत्यंत लहान व लवचिक असून तिच्याभोंवतीं चाकाच्या आऱ्यांप्रमाणें स्नायू असतात. मेंदूकडून मज्जातंतूंच्या द्वारें आज्ञा आली कीं हे स्नायू आकुंचन पावतात, पिशवी ताणली जाते व रंगाचा ठिपका पसरतो. स्नायू सैल पडले कीं ठिपका पुन्हां बिंदुवत् होतो. हा सारा व्यापार एका सेकंदाच्या आंत उरकतो.

शॅमेलिऑन सरड्याची युक्ति याहून निराळी आहे. तिचें बीज समजण्यास १६६५ सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यानें असें दाखविलें कीं, मोराचें पीस पाण्यानें भिजविलें असतां त्याचे रंग लोपतात. अर्थात् ते रंग द्रव्याचे नसून रचनेचे आहेत. सरड्याच्या बाबतींत याच तत्त्वाचा प्रत्यय २०१५ सालीं जिनीव्हा येथील मिलिन्कोव्हिच व त्यांचे सहकारी यांनीं आणून दिला. सरड्याच्या त्वचेंत ग्वानिन नांवाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक ओळींनीं मांडलेले असतात. प्राणी शांत असतां ते जवळजवळ असतात व निळा प्रकाश परतवितात. त्यांत त्वचेंतील पिवळें द्रव्य मिसळून अंग हिरवें दिसतें. प्रतिस्पर्धी समोर येतांच स्फटिकांमधील अंतर वाढतें आणि हिरव्याचा पिवळा वा नारिंगी होतो. म्हणजे येथें रंगपालट लपण्यासाठीं नसून दिसण्यासाठीं आहे.

दोन्ही प्राण्यांत रंग उत्पन्न होतो तो अंग हललें, ताणलें गेलें म्हणून. यंत्रकारांनीं मात्र दीर्घकाळ पोलादाचीं यंत्रें घडविलीं आणि त्यांवर रंग फांसला. रबरासारख्या मऊ सिलिकोनचीं यंत्रें चालूं लागलीं तेव्हां कोठें प्राण्यांचा हा धडा उपयोगी पडला. २०१२ सालीं हार्वर्ड विद्यापीठांत जॉर्ज व्हाइटसाइड्स, स्टीफन मॉरिन व त्यांचे सहकारी यांनीं हवेच्या दाबानें चालणाऱ्या अशा यंत्राच्या अंगावर बारीक नळ्यांचें जाळें बसविलें आणि त्यांतून रंगीत द्रव खेळविला. यंत्र भूमीच्या रंगांत मिसळून गेलें. परंतु पंप बाहेर होता आणि कोणता रंग सोडावा हें माणूस ठरवीत होता. २०१६ सालीं कॉर्नेल विद्यापीठांत रॉबर्ट शेफर्ड यांच्या मंडळीनें कित्येक पट ताणली तरी उजळत राहणारी व स्पर्शहि जाणणारी त्वचा तयार केली. २०२१ सालीं सियोल येथील संशोधकांनीं उष्णतेनें रंग पालटणाऱ्या द्रवस्फटिकांची त्वचा यंत्रसरड्यास चढविली. खालच्या जमिनीचा रंग संवेदकांनीं टिपून तो स्वतःच तसा होई.

तथापि प्राणी अद्याप पुढेंच आहे. बहुतेक ऑक्टोपसांच्या नेत्रांत एकाच प्रकारचें प्रकाशग्राही द्रव्य असल्यानें त्यांस आपल्यासारखे रंग ओळखतां येत नसावेत. असें असूनहि ते सभोंवारच्या रंगाशीं मिळून जातात.

हार्वर्डच्या कार्यास अमेरिकेच्या संरक्षण खात्याचें द्रव्यसाहाय्य होतें, तेव्हां लपून राहणाऱ्या यंत्राकडे कोणाचें लक्ष आहे हें उघड आहे. परंतु अशा त्वचेचा दुसराहि उपयोग आहे. अंधुक प्रकाशांत संकटग्रस्तांचा शोध घेणारें यंत्र ठळक रंगानें झळकलें, तर तें मदत करणाऱ्यांस दुरून दिसेल. लपावें कीं दिसावें, याचा निवाडा ऑक्टोपस आणि सरडा आपल्या जीवनाच्या गरजेनें करतात. यंत्राला अशी गरज नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें तो निवाडा मनुष्यासच करावा लागेल, आणि त्याचें उत्तरदायित्वहि मनुष्याकडेच राहील.