सार्वजनिक काकांची वकिली

एकाच गाऱ्हाण्याचे हजारों धनी असले, तर सरकारापुढें उभें कोणीं राहावें? पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीं पुण्यांत असंतोष माजला, तेव्हां गणेश वासुदेव जोशी या वकिलांपुढें हाच प्रश्न आला. त्यांनीं कचेरींतलेंच साधन उचललें. १८७० सालीं निघालेल्या सार्वजनिक सभेच्या ९५ सभासदांस सुमारें ६००० लोकांनीं सह्यानिशीं मुखत्यारपत्र दिलें होतें. ‘तुम्ही कोणाच्या वतीनें बोलतां?’ असें साहेबानें विचारतांच कागद पुढें करावा! आमच्या मतें काकांच्या वकिलीचें खरें तेज येथेंच आहे. पुढें १८७९ सालीं वासुदेव बळवंत फडके यांच्या बचावास ते उभे राहिले. या वेळीं अशील एकच होता, आणि सरकारचा रोष मात्र पुरता पत्करावयाचा होता. दुसऱ्याच वर्षीं काका वारले.