विजेच्या तीन भाषा

मराठवाड्यातील विज्ञानशिक्षणाचा इतिहास हा आधी भाषांतराचा इतिहास आहे, असे आम्हांला वाटते. पदवीवर्गातला 'विद्युत आणि चुंबकत्व' हा विषय त्याची साक्ष देतो.

हैदराबादेत 1917 साली 'दार-उल-तर्जुमा' हा भाषांतर-विभाग निघाला आणि 1918 साली उस्मानिया विद्यापीठ. तेथे पदार्थविज्ञानही उर्दूतून शिकवले जाई. नांदेड, लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. पदवीसाठी तेथे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला वीज 'बर्क', चुंबक 'मक्नातीस' आणि रोध 'मुजाहमत' या नावांनी भेटे. नवे शब्द अरबीतून घ्यावेत की देशी धातूंपासून घडवावेत, हा वादही तेव्हा रंगला होता. वहिदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

हा खटाटोप कोणाला गौण वाटेल. विजेच्या शास्त्रात मात्र तो मुळापासून आहे. 1831 साली फॅरडेला दिसले की, बदलते चुंबकीय क्षेत्र तारेत प्रवाह निर्माण करते. विद्युत-अपघटनासाठी त्याला शब्द हवे होते, तेव्हा 1834 साली त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाचा सल्ला घेतला. 'अॅनोड' आणि 'कॅथोड' हे शब्द त्या पत्रव्यवहारातून आले.

फॅरडेच्या त्या 1831च्या शोधाला इंग्रजीत 'इंडक्शन' म्हणतात, म्हणजे आत नेणे. उर्दूने 'इमाला' म्हटले, म्हणजे कलवणे. एका स्वराचा दुसऱ्याकडे होणारा झुकाव सांगणारी ती व्याकरणातली संज्ञा. मराठीने 'प्रवर्तन' म्हटले, म्हणजे चालना देणे. घटना एकच, पण तिच्याकडे पाहण्याच्या जागा तीन.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले आणि उर्दू माध्यम मागे पडले. पुढे 1950 साली नांदेडला पीपल्स कॉलेज, 1961 साली लातूरला दयानंद महाविद्यालय सुरू झाले. 1958 साली मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले, तर 1994 साली नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. विज्ञानाच्या पदवीची भाषा मात्र इंग्रजी झाली. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. त्यांतले शब्द शाळेपलीकडे फारसे गेले नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाला 'प्रवर्तन' दहावीत भेटते आणि मॅक्सवेलची समीकरणे येण्याच्या आतच हरवते. उरते ते 'इंडक्शन', तेही बहुतेकांच्या लेखी शेगडीचे नाव.

लातूरच्या मुलांचे गणित कच्चे आहे, असे कोणी म्हणणार नाही. पण उदाहरण सोडवणे निराळे आणि 'क्षेत्र म्हणजे काय' हे आपल्या भाषेत सांगता येणे निराळे. विभव, क्षेत्र, प्रवर्तन हे शब्द वाङ्मयाच्या वर्गाला परके नाहीत. त्यांचे धातू आणि अर्थच्छटा आपण रोज शिकवतो. ह्यूएलने फॅरडेसाठी जे केले, ते शेजारच्या पदार्थविज्ञान विभागासाठी करणे हे मराठी विभागाचेही काम आहे. त्यासाठी आधी त्यांच्या तासाला जाऊन बसावे लागेल.