बॅटरीचा सांडवा

2000 च्या दशकात उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात ज्याने लोडशेडिंग भोगलंय, त्याला इन्व्हर्टर म्हणजे काय ते सांगायला नको. त्याच्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं. हे पाणी जातं कुठे? या साध्या प्रश्नाचं उत्तर थेट आजच्या ई-स्कूटरपर्यंत येऊन पोचतं.

फ्रान्सच्या गॅस्टन प्लांतेने 1859 साली शिसं-आम्लाची बॅटरी बनवली. ती पूर्ण भरल्यावरही चार्जिंग चालूच ठेवलं तर जादा करंट पाणी फोडतो आणि हायड्रोजन-ऑक्सिजन बाहेर पडतात. म्हणून पाणी टाकायचं आणि बॅटरी हवेशीर जागी ठेवायची. 1947 मध्ये नॉयमान याने निकेल-कॅडमियमचा सेल सीलबंद केला. त्यात एका प्लेटवर तयार झालेला ऑक्सिजन दुसऱ्या प्लेटवर जाऊन जिरतो. आपल्याकडच्या पाझर तलावाला सांडवा असतो ना, तसंच हे. तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून जातं, बांध फुटत नाही.

1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली आणि गणित बदललं. लिथियमचं आणि पाण्याचं जमत नाही, म्हणून आत पाण्याऐवजी पेट घेणारा सेंद्रिय द्रव आला. पाणी गेलं, त्याच्याबरोबर सांडवाही गेला! नेहमीचा कोबाल्टवाला सेल 4.2 व्होल्टला थांबवावाच लागतो. त्यापुढे रेटलं तर ग्रॅफाइटवर लिथियम धातू साचतो, द्रवाचं विघटन होतं, कोबाल्ट ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटतो. उष्णतेने उष्णता वाढत जाते आणि मग आग.

यावर सरळ उपाय म्हणजे चार्जिंग तोडणारं सर्किट. पण आम्ही सॉफ्टवेअरवाले जाणतो, एकाच चेकवर सगळी भिस्त ठेवायची नसते. सर्किट बिघडू शकतं, चार्जर भलताच असू शकतो. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी राखणदार द्रवातच मिसळायचं ठरवलं.

त्यातही दोन जाती निघाल्या. पहिली सांडव्याची. फेरोसीनसारखा रेणू धन टोकाला इलेक्ट्रॉन देतो, पोहत ऋण टोकाला जातो, तिथे इलेक्ट्रॉन परत घेतो आणि पुन्हा माघारी. जादा करंट नुसता फिरत राहतो. पण फेरोसीन फार कमी व्होल्टेजला जागा होतो. 2005 च्या सुमारास कॅनडात डलहौसी विद्यापीठाच्या जेफ डान यांच्या गटाने सुमारे 3.9 व्होल्टला काम करणारा रेणू दाखवला. लोह-फॉस्फेटच्या सेलला तो चालतो, 4.2 व्होल्टवाल्याला नाही.

दुसरी जात फ्यूजची. कॅनडाच्याच मोली एनर्जीच्या लिथियम बॅटऱ्या 1989 मध्ये जपानमधल्या मोबाइलमध्ये पेटल्या आणि कंपनी बुडाली. त्याच नावाने पुन्हा उभ्या राहिलेल्या कंपनीने 1990 च्या दशकात बायफिनाइलचं पेटंट घेतलं. व्होल्टेज मर्यादेच्या वर गेलं की बायफिनाइलचं पॉलिमर होऊन थर बसतो आणि सेलचा अंतर्गत रोध वाढतो. शिवाय सुटणाऱ्या वायूच्या दाबाने सेलच्या झाकणातली कळ तुटते. सेल कायमचा मरतो, पण घर वाचतं.

हे सगळं रामबाण आहे का? नाही. सांडव्यालाही मर्यादा असते. करंट जास्त असला तर रेणूंना झेपत नाही, आणि जो करंट फिरतो त्याची उष्णता होतेच. बायफिनाइल जास्त घातलं तर बॅटरीचं आयुष्य घटतं. आतल्या आत शॉर्ट झालं तर दोन्हींचा फारसा उपयोग नाही.

सप्टेंबर 2022 मध्ये वसईत रात्री घरात चार्जिंगला लावलेली ई-स्कूटरची बॅटरी फुटली आणि एका लहान मुलाचा जीव गेला. त्या वर्षी देशभर अशा आगी लागल्या. त्यानंतर पुण्याच्या एआरएआयने प्रसिद्ध केलेलं एआयएस-156 हे मानक कडक झालं आणि 1 डिसेंबर 2022 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. ओव्हरचार्जची चाचणी त्यात आहे.

माझं मत एवढंच, की सर्किट, रसायन आणि मानक हे तिन्ही राखणदार एकदमच हवेत. आणि चौथे आपण. चार्जर कंपनीचाच वापरा, आणि झोपायच्या खोलीत किंवा दाराच्या वाटेवर बॅटरी चार्जिंगला लावू नका. बॅटरीत सांडवा आहे की नाही, हे वरच्या लेबलवरून कळत नाही.