घासलेट, सरकी आणि पऱ्हाटी

गुरुकुंज मोझरीच्या भोवताली सारा कपाशीचा मुलूख. वेचणी आटोपली की पऱ्हाट्या उपटून चुलीसाठी रचून ठेवावयाच्या, हा वऱ्हाडचा जुना परिपाठ. धूर मात्र घरच्या बाईच्या डोळ्यांत. १८९२ च्या सुमारास स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने सिद्ध केलेल्या प्रायमस स्टोव्हने हा धूर घालविला, पण घासलेटाची ताबेदारी आणली. पंपाने दाबलेले घासलेट तापल्या नळीत वाफ होऊन बारीक छिद्रातून निघते. त्यात सरकीचे तेल घालावे तर वाफ होण्याआधीच ते करपते आणि छिद्र बुजते. १९४२ साली ब्रह्मदेश पडला, घासलेट दुर्मिळ झाले, तेव्हा हे वैगुण्य घरोघर जाणवले.

वर्ध्याच्या मगनवाडीत प्रश्न उलट बाजूने हाती घेतला गेला होता. (१९३५ साली गुरुकुंज स्थापणारे तुकडोजी महाराज १९३६ साली वर्ध्याजवळच गांधीजींपाशी राहून आले होते.) तेथील ग्रामोद्योग संघात कुमारप्पांच्या मंडळींनी इंधन न बदलता उपकरणच बदलले. दाट तेल वातीतून फार उंच चढत नाही, तेव्हा ते ज्योतीच्या निकट हवे. अशा विचारांतून गावच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ निघाला. ‘मगनचुली’ने धूर धुराड्यातून बाहेर काढला. नाव दिव्याचे अधिक झाले. आम्हांस मोल चुलीचे अधिक वाटते. दिवा चार घटका जळावयाचा, चूल दोन्ही वेळा. आणि तिला पऱ्हाटी चालते, फक्त धुराड्यातली काजळी वेळच्या वेळी काढावी लागते.