अडले कोठे? : दौंड, दुष्काळ आणि जोडणीची नोंद

जाळे म्हटले की इतिहासकार प्रथम त्याचा विस्तार मोजतो: किती मैल लोहमार्ग, किती स्थानके, किती टन माल. जाळे सुरळीत चालत असते तोवर हे आकडे पुरतात. ते बिघडले की मात्र प्रश्न बदलतो. आता विचारायचे असते ते एवढेच, की अडले कोठे? हा प्रश्न दौंडच्या इतिहासाला विचारून पाहावा, असे आम्हांला वाटते.

पुण्याहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८५८ साली दौंडवरून दिक्सळपर्यंत गेला. इंग्रजी कागदपत्रांतले हे 'धोंड' तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १८७८ मध्ये दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि गावाला जंक्शनचे महत्त्व आले. या दोन घटनांच्या मध्ये १८७६-७८ चा दुष्काळ आहे. मनमाडच्या मार्गाचे मातीकाम दुष्काळी कामांतून करवून घेण्यात आले. म्हणजे धान्य वाहून नेणारी वाट ज्यांनी खणली, त्यांच्याच घरी धान्य नव्हते.

१८७६ चा पाऊस दगा देऊन गेला तेव्हा पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग तयार होता, आणि त्यावरून धान्य येतही होते. तरी पूर्वेकडच्या भीमथडी, इंदापूर भागांत माणसे उपाशी होती. याची कारणे तीन असू शकतात. धान्यच नाही, किंवा धान्य आहे, पण वाहतूक पुरत नाही, किंवा धान्य दारापर्यंत आले, पण घेणाऱ्याच्या हाती पैसा नाही. चुलीपाशी बसलेल्याला तिन्हींचा अनुभव एकच, रिकामे मडके. उपाय मात्र तिन्हींचे वेगळे.

येथे आम्ही वाचकांना थोडे दूर नेऊ इच्छितो. संगणकांमधील बहुतेक देवाणघेवाण ज्या टीसीपी या नियमावलीने चालत आली, तिचे प्रमाणरूप १९८१ साली प्रसिद्ध झाले. वाटेत हरवलेली पाकिटे ती मुकाट्याने पुन्हा पाठवते; गर्दी दिसली की वेग उतरवते. वापरणाऱ्याला कळते ते एवढेच, की काम मंद चालले आहे. २००० साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'वेब१००' प्रकल्पाने ही आतली नोंद उघडी करण्याचा मार्ग दाखवला, आणि २००७ मध्ये तिचा आराखडा 'आरएफसी ४८९८' या दस्तऐवजात प्रमाण म्हणून आला. पाकिटाला जाऊन येण्यास किती वेळ लागला, किती पुन्हा पाठवावी लागली, हे त्यात आहेच. पण खरा मर्मभेद पुढे आहे. जोडणीचा किती वेळ पाठवणाऱ्यामुळे खोळंबला, किती वाटेतील गर्दीमुळे आणि किती घेणाऱ्याची ओंजळ लहान म्हणून, याचे तीन वेगळे हिशेब त्यात ठेवले आहेत. यातले बरेचसे यंत्राला आधीपासून ठाऊक असे. ते दुसऱ्या कोणाला विचारता येत नव्हते.

या तीन हिशेबांची दृष्टी घेऊन पुन्हा भीमथडीकडे यावे. पुण्याच्या सार्वजनिक सभेने (स्थापना १८७०) दुष्काळात गावोगावची माहिती मिळवून सरकारला वृत्तान्त धाडले. सर रिचर्ड टेंपल यांनी मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले, वर थोडे पैसे. तेव्हा सभेने त्याला हरकत घेतली. सभेची नोंद घेणाऱ्याच्या टोकाकडून झालेली होती, हे तिचे मोल. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानेही मान्य केले की अवर्षणाचा पहिला घाव शेतीच्या मजुरीवर बसतो. काम थांबते आणि कमाई आटते. अडथळा बव्हंशी तिसऱ्या जागी होता. केवळ गाड्या वाढवून तो दूर होणारा नव्हता.

नोंद कोणाला दिसते, हा प्रश्न या मुलखाने त्याआधीच विचारला होता. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे येथे दंगा उसळला. जमावाचा रोख सावकारांच्या कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. कर्ज कसे फुगले ते सावकाराच्या वहीत होते आणि ऋणको ती वाचू शकत नव्हता. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूदही केली. आतला हिशेब उघडणे म्हणजे काय, याचा हा कायदेशीर नमुना म्हणता येईल.

साम्य फार ताणू नये. हरवलेले पाकीट पुन्हा पाठवता येते. दगावलेला माणूस येत नाही. शिवाय हिशेब उघडा झाला म्हणजे दोष दूर झाला असेही नाही. आयोगाच्या निष्कर्षानंतरही १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आलेच.

तरीही इतिहासाच्या साधनांकडे पाहण्याची एक रीत यातून हाती लागते. १८८५ च्या पुणे गॅझेटियरमध्ये स्थानकवार प्रवासी आणि मालाचे आकडे आहेत. साहित्याच्या अभ्यासकांनी असे तक्ते कंटाळून ओलांडू नयेत. तेही एक निवेदन आहे, आणि प्रत्येक निवेदनाप्रमाणे त्यालाही निवेदक आहे. दौंडवरून किती माल गेला, ते तो सांगतो. तो माल पाहून रिकाम्या हाताने परतलेल्यांची मोजणी त्याच्या रकान्यांत नाही. ती सभेच्या वृत्तान्तांत शोधावी लागते.